दुपारी पावणेतीनची लघवी : ऐरोलीत घरकाम करणाऱ्या एका ताईंचं प्रकरण

वय ४१, वजन ५४ किलो. राहायला नवी मुंबईतल्या दिघ्यात, काम जवळच्या ऐरोलीत. चार घरची धुणं-भांडी, केर-फरशी, त्यातल्या एका घरी पोळी-भाजीसुद्धा. एप्रिलच्या मध्यावर ताई दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, परत उन्हाळी लागली."

लघवीला जळजळ, ओटीपोटात ठणका, दुपारनंतर डोकं जड, दोन-दोन दिवस पोट साफ नाही. आधीच्या आठ महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. दर वेळी चार-सहा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच सुरू. पिशवीतून त्यांनी जुने कागद काढले. एकदाच लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहायची तपासणी, झालं होतं, त्यात ई. कोलाय हे जंतू सापडले होते. बाकी दोन वेळा तपासणी न करताच गोळ्या दिल्या गेल्या होत्या. सोबत बी-कॉम्प्लेक्सची अर्धी संपलेली पट्टी होती. अशक्तपणासाठी ती त्यांनी मेडिकलमधून आणली होती.

हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळून. आजार दुर्मीळ नाही, औषधही नवं नाही. पण लघवी आणि पाणी यांचं नातं आपण "रोज इतके लिटर प्या" एवढ्यावर आणून ठेवलं आहे, आणि ते किती अपुरं आहे हे या एका बाईच्या चार दिवसांच्या मोजमापात जितकं स्वच्छ दिसलं तितकं मला एरवी क्वचितच दिसलं आहे.

तपासणी

ताप नव्हता, पाठीत कुशीला दुखरेपणा नव्हता, बीपी १०४/७०. काचेच्या बाटलीत दिलेला नमुना गडद पिवळा, तपकिरीकडे झुकणारा, आणि वास उग्र. तपासणीच्या पट्टीवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३० आली. लघवी पाण्याच्या तुलनेत किती जड आहे, म्हणजे तिच्यात किती क्षार आणि युरिया विरघळला आहे, हे हा आकडा सांगतो. पट्टीवरचा तो शेवटचा चौकोन, त्यापुढे तिला मोजताच येत नाही. नायट्राइट नाही, पांढऱ्या पेशी नाहीत. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत. साखर उत्तम, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.७, म्हणजे ठीक. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या खालच्या भागात ४ मिलिमीटरचा खडा, सूज नाही.

म्हणजे या वेळी इन्फेक्शन नव्हतं. घट्ट, आम्ल लघवी नुसती मूत्रमार्गातून गेली तरी जळजळ होऊ शकते. ताईंना चौथं अँटिबायोटिक देणं चुकीचं ठरलं असतं. गरज नसताना दिलेल्या गोळ्यांनी पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि खरं इन्फेक्शन होतं तेव्हा तीच गोळी चालेनाशी होते.

रंगाबद्दल इथेच सांगते, कारण सगळे आधी तोच पाहतात. लघवीचा पिवळेपणा येतो युरोबिलिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं, ते पित्तातून आतड्यात उतरतं, तिथले जंतू त्याचं रूप बदलतात, आणि त्यातला थोडा भाग रक्तात परत शिरून किडनीतून बाहेर पडतो. हा बदल करणारं जंतूंचं एन्झाइम २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संशोधकांनी ओळखलं. इतकी रोजची गोष्ट, आणि तिचा धागा हाती यायला एवढा काळ लागला याचं मला अजून नवल वाटतं. प्रकृती ठीक असेल तर हे रंगद्रव्य दिवसभर साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर पडतं, म्हणून पाणी कमी असलं की रंग गडद आणि जास्त असलं की फिकट. मात्र बी-कॉम्प्लेक्समधल्या रायबोफ्लेविनने लघवी झगझगीत पिवळी होते, टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीने नारिंगी, बिटाने काहींना लालसर. कावीळ असेल तर मोहरीच्या तेलासारखी गडद. म्हणून ताईंची बी-कॉम्प्लेक्सची गोळी मी आधी आठवडाभर बंद केली. रंग थोडा निवळला, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी होती तिथेच राहिली.

सुट्टीच्या दिवशीचं माप

"पाणी किती पिता?" या प्रश्नाला दवाखान्यात एकच उत्तर मिळतं. ताईंनीही तेच दिलं : "पिते की मॅडम, भरपूर."

मी त्यांना चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली. पद्धत साधी आहे. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये भरायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची. त्यांनी कॅन नेला आणि महिन्यातल्या दोन सुट्ट्यांपैकी एका दिवशी माप केलं. आकडा आला १,४५० मिलिलिटर.

हा आकडा कुठल्याही लॅबच्या कागदावर नॉर्मल म्हणूनच छापला जातो. तो बघून थांबले असते तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण १.०३० इतकी घट्ट लघवी आणि दिवसाला १,४५० मिलिलिटर यांचा मेळ बसत नव्हता. मी म्हटलं, "ताई, कामाच्या दिवशीचं माप हवं. कॅन जड असेल तर छोटी बाटली देते, पिशवीत ठेवा."

त्या जराशा हसल्या. "बाटली कशाला मॅडम? कामावर बाथरूमला जातच नाही मी. गोळा काय करू?"

सकाळी सहाला घरून निघायचं, दुपारी पावणेतीनला परत. या पावणेनऊ तासांत एकदाही नाही. किती वर्षं? "कामाला लागले तेव्हापासून." चारही घरांची संडास-बाथरूम त्या रोज घासतात, त्यांतलं एकही वापरत नाहीत. कुणी नाही म्हटलं का, असं विचारलं. एका घरी सुरुवातीलाच सांगितलं होतं, खाली वॉचमनचं आहे तिथे जायचं. त्या दाराला आतून कडी नाही. बाकीच्यांना त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आणि जायचं नाही म्हणून प्यायचंही नाही. "पाणी पोटात गेलं की लागते. लागली तर जायचं कुठं?" पाळीच्या चार दिवसांत काय होत असेल ते वाचणाऱ्या बायकांना मी सांगायला नको.

म्हणजे सकाळी निघताना अर्धा कप चहा, दुसऱ्या घरी मिळालेला अर्धा कप, आणि दुपारपर्यंत तेवढंच. चहाने पाणी शरीराबाहेर जातं म्हणून तो मोजायचा नाही, असं बरेच लोक मानतात. नेहमी चहा पिणाऱ्याच्या बाबतीत ते खरं नाही, चहाचं पाणीही पाणीच. पण दोन अर्ध्या कपांत असतं किती?

कामाच्या दिवशीचं माप

सकाळी सहा : टाकून दिली. दुपारी पावणेतीन : २४० मिलिलिटर. साडेपाच : १२०. रात्री नऊ : १८०. पहाटे पावणेसहा : २१०. एकूण ७५०.

सहा ते पावणेतीन या वेळात तासाला साधारण २७ मिलिलिटर लघवी तयार झाली, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर. हॉस्पिटलात भरती असलेल्या माणसाची लघवी याच्या खाली सरकू लागली की ड्यूटीवरची सिस्टर डॉक्टरांना कळवते. ही बाई त्या काठावर रोज फरशी पुसत होती, तेही एप्रिलच्या दमट हवेत, जिथे घाम वाळत नाही आणि अंग निववण्यासाठी शरीर तो आणखी गाळत राहतं.

किडनी या परिस्थितीत काय करते ते समजून घ्यायला हवं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात ओढून घेतात. उरतो तो दीड-दोन लिटर, तीच लघवी. रक्त किंचित घट्ट झालं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं, ते किडनीच्या शेवटच्या नळ्यांमधली पाण्याची दारं उघडतं आणि आणखी पाणी आत घेतलं जातं. ही दारं खऱ्या अर्थाने दारंच आहेत, अॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हॅसोप्रेसिन आधी वाढतं, तहान त्यानंतर जाणवते, म्हणून घसा कोरडा पडण्याआधीच लघवी गडद व्हायला लागलेली असते.

पण या काटकसरीलाही तळ आहे. रोजचा युरिया आणि क्षार बाहेर टाकायला किडनीला किमान अर्धा लिटर पाणी खर्चावंच लागतं. त्याहून कमी लघवीत ते मावत नाहीत. ताईंचे ७५० मिलिलिटर या तळापासून फार वर नव्हते. एवढ्या घट्ट लघवीत कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळून राहायला जागा पुरत नाही, त्यांचे कण धरतात. शिवाय मूत्राशय नऊ-नऊ तास रिकामं झालं नाही की आत शिरलेले जंतू धुऊन निघत नाहीत, तिथेच वाढतात. मागचं ई. कोलाय आणि आताचा खडा या दोन्हींची वाट बहुधा इथूनच गेली असावी. ठामपणे एवढंच सांगता येईल की दोन्हींना ही परिस्थिती पोषक होती.

रात्रीचे दोन लिटर

मी पाणी वाढवायला सांगितलं. खडा असलेल्या माणसाची लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हावी, असा दंडक आहे. ताई शहाण्या आणि जिद्दी. दिवसा जमत नाही तर रात्री प्यावं, असं त्यांनी ठरवलं. घरी परतून स्वयंपाक उरकला की आठ ते साडेदहामध्ये दोन लिटरची बाटली संपवायची. दोन आठवड्यांनी पुन्हा कामाच्या दिवशीचं माप आणलं.

पावणेतीन : २३०. साडेपाच : १८०. रात्री साडेदहा : ४२०. बारा : ४५०. दोन : ३००. पावणेसहा : १७०. एकूण १,७५०.

आधीच्या दुपटीहून जास्त. कागदावर याला कुणी नावं ठेवली नसती. जळजळ मात्र तशीच होती, दुपारच्या नमुन्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी पुन्हा १.०३०, आणि रात्रीची झोप दोनदा मोडून त्या पहाटे पावणेसहाला उठत होत्या. रात्री बाराचा नमुना त्यांनी वेगळ्या बाटलीत आणला होता. तो जवळपास पाण्यासारखा होता, पट्टीवर १.००५. दोन बाटल्या टेबलावर शेजारी ठेवल्यावर त्या एकाच बाईच्या, एकाच दिवसाच्या आहेत हे कुणालाही खरं वाटलं नसतं.

शरीराला पाण्याचा साठा करता येत नाही. लिटरभर पाणी एकदम प्यायलं की अर्ध्या तासात किडनी ते बाहेर काढायला लागते, तासाभरात लघवीचा वेग शिगेला पोचतो आणि दोन-तीन तासांत बहुतेक जास्तीचं पाणी निघून गेलेलं असतं. रात्री दहाला प्यायलेल्या पाण्यातलं दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उपयोगी पडेल असं काही उरत नाही. म्हणून चोवीस तासांची बेरीज चांगली दिसूनही त्यातले नऊ तास कोरडे असू शकतात. खडा काही बेरजेवर वाढत नाही, तो त्या नऊ तासांत वाढतो.

रात्री पाणी पिण्याचा हा मार्ग मी तिथेच थांबवला. थोड्या वेळात फार पाणी पिणं सगळ्यांना मानवतंच असं नाही. निरोगी किडनीसुद्धा तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून वेगाने प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ होते, भोवळ येते, आणि फारच झालं तर फिट येते. बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या घेणाऱ्या वृद्धांमध्ये हे आणखी सहज होतं. हृदय किंवा किडनी कमजोर असणाऱ्यांनी तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणारं "रोज चार लिटर" आजोबांना लागू होतंच असं नाही.

चिठ्ठी

या वेळी लेटरहेडवर गोळीचं नाव लिहिलं नाही. मराठीत लिहिलं : "यांना मूतखडा आहे आणि वारंवार लघवीचं इन्फेक्शन होतं. कामाच्या वेळेत दर दोन ते तीन तासांनी लघवीला जाणं आणि पाणी पिणं वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे. कृपया सोय करून द्यावी." खाली सही-शिक्का. चार प्रती दिल्या.

ताईंना संकोच होता. "मॅडम, काम गेलं तर?" ती भीती खोटी नव्हती, आणि काम जाणार नाही अशी हमी मी देऊ शकत नव्हते. म्हणून दोघींनी मिळून ठरवलं की आधी एकाच घरी विचारायचं. दुसऱ्या घरी एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडे ताई अकरा वर्षं जातात. आजींनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, हे लिहून आणावं लागलं तुला? इतक्या वर्षांत तू कधी गेली नाहीस, मला वाटायचं तुला लागतच नाही." हे मला सांगताना ताई रडल्या. मलाही पुढचं लिहायला थोडा वेळ लागला. त्या आजींनी वाईट वागवलं नव्हतं. त्यांच्या मनात तो प्रश्न आलाच नव्हता, आणि ताईंनी तो येऊ दिला नव्हता. या शहरात अशी किती घरं असतील!

शेवटच्या घरी, जिथे स्वयंपाकही आहे, तिथल्या वहिनींनी आठवडाभराने कॉमन बाथरूम वापरायला सांगितलं. पहिल्या घराने चिठ्ठी ठेवून घेतली आणि काही बोलले नाहीत. तिसऱ्या घराचं उत्तर तेच राहिलं, खाली वॉचमनकडे.

दोन घरं पुरली. वेळापत्रक आम्ही त्यांच्या फेरीवर बसवलं. उठल्यावर एक ग्लास. साडेनऊला आजींकडे आधी बाथरूम, मग दोन ग्लास पाणी. बाराच्या सुमारास वहिनींकडे पुन्हा बाथरूम, मग दीड ग्लास. उठल्यावरचा ग्लास सोडला तर, पुढचं बाथरूम तीन तासांच्या आत आहे हे पक्कं असेल तिथेच प्यायचं, एवढा एकच नियम. त्याने "पोटात गेलं की लागते" ही धास्ती गेली, आणि ताई प्यायल्या त्यामुळेच. दुपारी आणि संध्याकाळी नेहमीसारखं, आमटी-भात-ताकातलं पाणी धरून. झोपण्याआधी तासभर थांबायचं.

कामाच्या दिवशीचं तिसरं माप

आजी आणि वहिनी या दोघींच्या बाथरूममध्ये एकेक मापाचा मग ठेवला होता. मोजायचं, टाकून द्यायचं, आकडा लिहायचा. तो कागद भाजीच्या हिशोबाच्या पाठीमागे लिहिलेला होता.

साडेनऊ : २१०. बारा दहा : २६०. पावणेतीन : २३०. सहा : ३२०. पावणेदहा : ३३०. पावणेसहा : २५०. एकूण १,६००.

रात्रीच्या पाण्याच्या वेळचा आकडा १,७५० होता, हा त्याहून कमी. पण सहा ते पावणेतीन या वेळात आधी २३०-२४० व्हायची, आता ७०० झाली. दुपारच्या नमुन्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१५, रंग फिकट पिवळा. जळजळ दहा दिवसांत थांबली होती. डोकेदुखी आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही उन्हातून चालत आल्यावर. झोप सलग.

लघवी दोन लिटरच्या वर जायला हवी, ती अजून गेलेली नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. इटलीतल्या एका चाचणीत, जी १९९६ साली प्रसिद्ध झाली, पहिला कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ रुग्णांना पाच वर्षं पाहिलं होतं. जे पाणी वाढवून लघवी दोन लिटरच्या वर ठेवत होते त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, ज्यांनी काही बदललं नाही त्यांच्यात २७ टक्क्यांना. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत वारंवार लघवीचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. अर्ध्या जणींनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जादा घेतलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पाणी हे औषध आहे याला एवढा आधार पुरे. आपल्याकडच्या घरकामगार, फेरीवाल्या, कंडक्टर बायकांना ते औषध द्यायचं तर बाथरूमही प्रिस्क्रिप्शनमध्येच लिहावं लागेल, असं माझं ठाम मत आहे.

रंग पाहायला मी ताईंना शिकवलं आहे, पण पहाटेच्या लघवीवरून नाही. रात्री व्हॅसोप्रेसिन वाढलेलं असतं, त्यामुळे ती सगळ्यांचीच गडद असते. त्यांनी पाहायची ती पावणेतीनची.

जूनमध्ये त्यांनी तिसरं घर सोडलं आणि सेक्टरमधल्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये नवं धरलं. पगार आणि सुट्ट्या ठरवताना बाथरूमचंही आधीच विचारून घेतलं. घाम आला त्या दिवशी एक ग्लास जास्त, एवढं आता त्या स्वतःच करतात. पावसाळा उतरल्यावर पुन्हा सोनोग्राफी केली. खडा ४ मिलिमीटरचाच आहे, त्याच जागी. इन्फेक्शन त्यानंतर एकदा झालं, गणपतीत, जेव्हा पाच दिवस सगळ्याच घरी पाहुणे होते आणि बाथरूम मोकळं मिळत नव्हतं. त्या वेळी कल्चर करूनच गोळी दिली. पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी, आणि त्याआधी कामाच्या दिवशीचं एक माप.